हात न लावण्याचा करार

ओपनएमपी हे समांतर प्रोग्रामिंगचं एक जुनं आणि जगभर वापरलं जाणारं प्रमाण आहे. त्यात 'ओएमपी टार्गेट मेमकॉपी' नावाचं एक साधं फंक्शन आहे. संगणकाच्या मुख्य मेमरीतला डेटा उचलून ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत नेऊन ठेवायचा, किंवा तिथला इकडे आणायचा, एवढंच त्याचं काम. २०१५ साली ४.५ आवृत्तीत ते आलं तेव्हा त्याला दोन पत्ते द्यावे लागत: डेटा कुठे टाकायचा आणि कुठून घ्यायचा. पुढच्या काळात या फंक्शनच्या घोषणेत एका शब्दाची भर पडली. 'कुठून घ्यायचा' त्या पत्त्यामागे 'कॉन्स्ट' लागलं.

फंक्शनचं काम तेच राहिलं, वेगही तोच राहिला. आतला मशीन कोड उघडून पाहिला, तर या एका शब्दापायी त्यात बिटाचाही फरक सापडणार नाही. प्रोग्राम धावू लागतो तेव्हा या 'कॉन्स्ट'चा मागमूसही उरलेला नसतो. तरीही अशा शब्दांसाठी प्रमाण ठरवणारे लोक बैठका घेतात, कंपायलरवाले हेडर फाइली बदलतात, आणि जाणते प्रोग्रामर म्हणतात, बरं झालं. जी गोष्ट धावताना अस्तित्वातच नाही, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर शोधायला निघालं की माणूस थेट समांतर संगणनाच्या गाभ्यापाशी जाऊन पोहोचतो.

आधी पडद्यामागे काय चालतं ते पाहू. ओपनएमपीचं पहिलं प्रमाण १९९७ साली फोरट्रानसाठी आलं, पुढच्या वर्षी सी आणि सी++ साठी. कल्पना सुटसुटीत होती. प्रोग्रामरने आपल्या लूपच्या डोक्यावर एक सूचनेची ओळ लिहायची की हे काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी धावणाऱ्या शाखांमध्ये, वाटून टाक. बाकीची उस्तवार कंपायलरने करायची. जीसीसी कंपायलरला ही सूचना दिसली की तो लूपचं पोट कापून काढतो आणि त्याचं एक वेगळं, निनावी फंक्शन बनवतो. लूपला जी चलं लागतात त्यांची एक छोटी नोंद तयार करतो. मग 'गोम्प पॅरलल' नावाच्या फंक्शनला हाक मारतो आणि त्याच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी देतो: त्या निनावी फंक्शनचा पत्ता आणि त्या नोंदीचा पत्ता. 'गोम्प पॅरलल' हे 'लिबगोम्प' या रनटाइम लायब्ररीतलं. ते थ्रेड उभे करतं, प्रत्येकाला तेच फंक्शन आणि तीच नोंद देतं, आणि सगळे परतेपर्यंत थांबतं.

म्हणजे आठ थ्रेड असतील तर आठही जणांकडे एकाच नोंदीचा पत्ता असतो. समांतर संगणनातली सगळी गंमत आणि सगळी भीती या एका वाक्यात आहे.

दोन थ्रेड एकाच जागेला एकाच वेळी हात घालतात, त्यांतला निदान एक तरी तिथे लिहीत असतो, आणि कोणी आधी कोणी नंतर हे ठरवणारी काही व्यवस्था नसते, तेव्हा त्याला 'डेटा रेस' म्हणतात. २०११ च्या सी आणि सी++ प्रमाणांनी याबाबत हात झटकले आहेत: असं घडलं तर पुढे काय होईल याची कसलीही हमी नाही. उत्तर चुकेल, बरोबर येईल, सोमवारी बरोबर येईल आणि मंगळवारी चुकेल. व्याख्येतलं मधलं कलम मात्र नीट पाहा. निदान एक जण लिहीत असला पाहिजे. सगळे फक्त वाचत असतील तर दोन थ्रेड असोत की दोन हजार, रेस होऊच शकत नाही. सातबाऱ्याचा उतारा गावातल्या शंभर जणांनी एकाच वेळी पाहिला म्हणून काही बिघडत नाही. भानगड सुरू होते ती फेरफार करायला दोघं एकदम बसले की.

आश्चर्य असं की सिलिकॉनलाही हा भेद कळतो. आजच्या प्रोसेसरमधल्या प्रत्येक कोअरकडे स्वतःची कॅश असते, आणि मेमरीचे तुकडे, आपल्या नेहमीच्या पीसीत ६४ बाइटचे, त्या कॅशमध्ये येऊन बसतात. एकच तुकडा चार कोअरकडे असेल तर चारही प्रती जुळत्या ठेवायच्या कशा? इलिनॉय विद्यापीठातले मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी १९८४ साली मांडलेली पद्धत पुढे 'मेसी' या नावाने रूढ झाली. तीत तुकड्याच्या चार अवस्था असतात: बदललेला, एकट्याचा, सामायिक आणि रद्द. 'सामायिक' अवस्थेतला तुकडा कितीही कोअरनी वाचावा, कोणाला विचारावं लागत नाही. पण एकाला त्यात लिहायचं झालं, तर आधी बाकी सगळ्यांच्या प्रती रद्द कराव्या लागतात. वाचन जवळपास फुकट, लेखनाला सगळ्यांची संमती. म्हणून समांतर प्रोग्राम लिहिताना पहिला प्रश्न असतो: इथे लिहिणार कोण?

'कॉन्स्ट' नेमकं याच प्रश्नाचं उत्तर फंक्शनच्या कपाळावर लिहून ठेवतं.

हा शब्द आला मात्र समांतरतेच्या खूप आधी. बेल लॅब्जमध्ये बियार्न स्ट्रॉस्ट्रुप 'सी विथ क्लासेस' घडवत होते. १९८१ च्या सुमारास त्यांनी दोन शब्द सुचवले: 'रीडओन्ली' आणि 'राइटओन्ली'. त्यांतला पहिला तिथल्या मंडळींना पटला, पण 'कॉन्स्ट' या नावाने. दुसरा मागे पडला. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत 'कॉन्स्ट' रीतसर दाखल झालं. पॉइंटरपाशी, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या चलापाशी, त्याच्या दोन जागा असतात आणि नवशिक्यांची तिथे हमखास गल्लत होते. ते एका जागी ठेवलं तर पत्ता बदलता येत नाही, पण त्या पत्त्यावरचा मजकूर बदलता येतो. दुसऱ्या जागी ठेवलं तर पत्ता हवा तिकडे वळवता येतो, पण तिथला मजकूर वाचण्यापुरताच. फंक्शनच्या घोषणेत महत्त्वाची असते ती ही दुसरी जागा. तिचा अर्थ: "तू मला तुझ्या मालाचा पत्ता दे. मी पाहीन, हात लावणार नाही."

आता ती मेमकॉपीची ओळ पुन्हा समोर घ्या. समजा तुमच्याकडे हवामानाच्या नोंदींची मोठी यादी आहे आणि ती कोणी बदलू नये म्हणून तुम्ही स्वतःच तिला 'कॉन्स्ट' केलंय. ती ग्राफिक्स कार्डावर पाठवायची आहे. जुन्या घोषणेत स्रोताच्या पत्त्याला 'कॉन्स्ट' नव्हतं, म्हणजे फंक्शन तिथे लिहिण्याचा हक्क राखून होतं, जरी प्रत्यक्षात ते कधीच लिहीत नसलं तरी. सी कंपायलर कुरकुरायचा की तुम्ही 'कॉन्स्ट' टाकून देताय. सी++ कंपायलर तर कामच थांबवायचा. मग प्रोग्रामर काय करणार? कास्ट करून, म्हणजे पत्त्याचा प्रकार जबरदस्तीने बदलून, 'कॉन्स्ट' उडवून टाकायचा. अशी एक कास्ट निरुपद्रवी असते, पण ती सवय लावते. उद्या खरंच लिहिणाऱ्या एखाद्या फंक्शनपाशी कंपायलर ओरडला, तरी बोटं आपोआप कास्ट टाइप करून मोकळी होतात. रनटाइम लायब्ररीने एका ओळीत 'कॉन्स्ट' लिहायची कुचराई केली की तिचे सगळे वापरकर्ते कंपायलरचं तोंड दाबायला शिकतात. उलट लायब्ररीने तो शब्द दिला की हजारो प्रोग्राममधल्या त्या कास्ट गळून पडू शकतात.

चांगली घोषणा कशी वाचावी याचा उत्तम नमुना २०१८ च्या ५.० आवृत्तीत सापडतो. कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर बांधलेला आहे ही माहिती मजकुराच्या रूपात मिळवायला 'ओएमपी कॅप्चर अफिनिटी' हे फंक्शन आलं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: एक बफर, त्याची लांबी आणि मजकुराचा साचा. बफरला 'कॉन्स्ट' नाही, साच्याला आहे. वर्णन वाचायची गरजच नाही. कुठे लिहिलं जाणार आणि कुठून नुसतं वाचलं जाणार हे एका ओळीत कळतं. ओपनएमपीच्या हेडरमध्ये कुलपांची, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी, फंक्शनं पाहा. कुलूप लावणं, काढणं, लावून पाहणं, सगळीकडे कुलपाचा पत्ता 'कॉन्स्ट'विना. तिथे तो शब्द लिहिला असता तर ते खोटं ठरलं असतं, कारण कुलपाची स्थिती बदलणं हेच त्यांचं काम. 'गोम्प पॅरलल'ला मिळणारी ती नोंदही अशीच 'कॉन्स्ट'विना असते. बेरजेसारख्या कामांत थ्रेड आपले निकाल त्याच नोंदीच्या वाटेने परत पोहोचवतात. जिथे खरंच लिहिलं जातं तिथे गप्प राहणं, हाही 'कॉन्स्ट' वापरण्यातला प्रामाणिकपणाच.

याहून बारीक जागाही आहेत. संगणकाच्या मुख्य मेमरीतला पत्ता आणि ग्राफिक्स कार्डावरचा पत्ता यांची गाठ मारून देणारं एक फंक्शन ओपनएमपीत आहे. पुढच्या काळात त्या दोन्ही जागी डेटा येणार, जाणार, बदलणार. तरी त्याच्या आजच्या घोषणेत दोन्ही पत्ते 'कॉन्स्ट' आहेत. हे बरोबर कसं? कारण ते फंक्शन फक्त पत्ते टिपून ठेवतं, तिथल्या मजकुराला स्पर्श करत नाही. 'कॉन्स्ट' हा त्या एका फंक्शनने स्वतःपुरता दिलेला शब्द आहे. बाकी जगात तो माल कधीच बदलणार नाही, असं तो म्हणत नाही.

या मर्यादेमुळेच 'कॉन्स्ट' पाहून कंपायलरला कोड वेगवान करण्याची फारशी संधी मिळत नाही. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर दुसऱ्या एखाद्या पॉइंटरने कोणी लिहिणारच नाही, हे त्याला कुठे माहीत असतं? ही हमी देणारा 'नोएलियस' हा शब्द सी भाषेत घालायचा घाट १९८८ मध्ये घातला गेला होता. भाषेचे जनक डेनिस रिची यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो शब्द बाहेर पडला. ती गरज पुढे १९९९ च्या प्रमाणात 'रिस्ट्रिक्ट' या शब्दाने भागवली. एनव्हिडियाच्या कुडामध्ये 'कॉन्स्ट' आणि 'रिस्ट्रिक्ट' दोन्ही लावले, तर कंपायलर तो डेटा फक्त वाचनासाठी राखलेल्या कॅशमधून आणू शकतो. एकटं 'कॉन्स्ट' वेग वाढवत नाही. त्याची कमाई आहे ती विश्वासाची.

विश्वास आणि समांतरता यांची सांगड कशी घालावी याचा सगळ्यात देखणा नमुना मला इंटेलच्या २००६ साली आलेल्या टीबीबी लायब्ररीत दिसतो. तिच्यात 'पॅरलल फॉर' आहे आणि 'पॅरलल रिड्यूस' आहे. दोन्हींना काम सांगायचं ते एका ऑब्जेक्टच्या रूपात. 'पॅरलल फॉर'ची अट अशी की त्या ऑब्जेक्टचं काम करणारं फंक्शन 'कॉन्स्ट' असलंच पाहिजे, म्हणजे काम करता करता त्याने ऑब्जेक्टची स्वतःची अवस्था बदलता कामा नये. कारण लायब्ररी त्या ऑब्जेक्टच्या हव्या तेवढ्या प्रती काढते. एखाद्या थ्रेडने आपल्या प्रतीत केलेली बेरीज मूळ मालकापर्यंत पोहोचेल की प्रतीसोबत नष्ट होईल, याचा नेम नसतो. म्हणून दार बंदच. 'पॅरलल रिड्यूस'ला मात्र नेमकी बेरीजच करायची असते. तिथे तेच फंक्शन 'कॉन्स्ट' नसतं. त्याच्या बदल्यात प्रोग्रामरने आणखी दोन गोष्टी पुरवायच्या: ऑब्जेक्ट दोन भागांत कसा फोडायचा आणि दोन भागांचे निकाल कसे जोडायचे. लिहिण्याची मुभा हवी असेल तर हिशेब जुळवण्याची जबाबदारीही घ्या. समांतर संगणनाचं अख्खं शहाणपण एका शब्दाच्या असण्या-नसण्यात बसवलेलं आहे.

२०११ नंतर सी++ च्या प्रमाणित लायब्ररीनेही हाच पवित्रा घेतला. तिच्या कंटेनरवरची 'कॉन्स्ट' फंक्शनं अनेक थ्रेडनी एकदम वापरली तरी रेस होणार नाही, अशी हमी तिने दिली. 'कॉन्स्ट'चा जुना अर्थ होता 'मी बदलणार नाही'. आता त्यात 'म्हणून मला सगळे मिळून वापरा' हेही आलं. आतल्या आत काही साठवून ठेवायची गरज असेल, तर 'म्यूटेबल' म्हणून जाहीर केलेलं चल वापरता येतं, पण मग त्याला म्यूटेक्सचं कुलूप लावणं ही तुमची जबाबदारी.

हा शब्द पोलादी नाही, हेही खरं. नोंद 'कॉन्स्ट' केली तरी त्या नोंदीतला पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो तो माल मोकळाच राहतो. वचन एकाच मजल्यापुरतं. सीच्या लायब्ररीतलं अक्षर शोधणारं 'स्ट्रचर' तर प्रसिद्ध आहे. ते 'कॉन्स्ट' मजकूर घेतं आणि त्याच मजकुरातला पत्ता 'कॉन्स्ट' काढून परत देतं. सी++ ने दोन वेगळ्या घोषणा देऊन हे भोक बुजवलं. सीला त्यासाठी सी२३ या ताज्या प्रमाणापर्यंत थांबावं लागलं.

याची उलट बाजू एलएलव्हीएमच्या, म्हणजे क्लँग कंपायलरसोबतच्या, ओपनएमपी रनटाइममध्ये दिसते. तिथे थ्रेड उभे करणाऱ्या फंक्शनला सगळ्यात आधी एका छोट्या नोंदीचा पत्ता जातो. सूचनेची ओळ कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या फंक्शनमध्ये, कितव्या ओळीवर आहे हे त्या नोंदीत अर्धविरामांनी तोडलेल्या मजकुरात असतं. फंक्शनच्या घोषणेत हा पत्ता 'कॉन्स्ट' नाही. पण क्लँग कंपायलर ती नोंद स्थिर डेटा म्हणून बनवतो. लायब्ररीच्या एखाद्या लेखकाने घोषणेवर विसंबून तिथे एक आकडा लिहिला, तर कंपायलर अवाक्षर काढणार नाही. प्रोग्राम धावताना ते मेमरीचं पान फक्त वाचनासाठी असेल तर प्रोसेसर नकार देईल, ऑपरेटिंग सिस्टिम 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणेल आणि प्रोग्राम जागीच मरेल. घोषणेत 'कॉन्स्ट' असतं तर हीच चूक कंपायलरने लिहिता लिहिता पकडली असती.

करार बदलला की काय गोंधळ उडतो, तेही पाहण्यासारखं आहे. ओपनएमपीच्या ३.१ आवृत्तीपर्यंत नियम होता की 'कॉन्स्ट' चल आपोआपच सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक मानायचं. २०१३ च्या ४.० आवृत्तीने ही सवलत काढली. जीसीसीने जुना नियम बरीच वर्षं चालू ठेवला आणि २०१९ च्या नवव्या आवृत्तीत नवा स्वीकारला. झालं! ज्यांनी प्रत्येक चलाचा हिशेब स्पष्ट देण्याची कडक शिस्त पाळली होती, त्यांचेच प्रोग्राम अडले. 'कॉन्स्ट' चल यादीत घातलं तर जुना जीसीसी म्हणायचा, हे आधीच ठरलेलं आहे, पुन्हा सांगू नका. नाही घातलं तर नवा म्हणायचा, याचं काय ते सांगा. अनेकांनी ते चल 'फर्स्टप्रायव्हेट'च्या यादीत टाकून, म्हणजे प्रत्येक थ्रेडला त्याची आपापली प्रत देऊन, दोन्ही कंपायलरांची समजूत काढली.

याउलट मेमकॉपीसारखा बदल इतका बिनबोभाट कसा पार पडला? कारण सी भाषेत संकलित लायब्ररीतलं फंक्शन निव्वळ नावाने ओळखलं जातं, त्याच्या पत्त्यांचे प्रकार त्या नावात नसतात. जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीशी पूर्वीसारखाच जोडला जातो. सी++ चं तसं नाही. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग फंक्शनच्या संकलित नावातच 'कॉन्स्ट'साठी 'के' हे अक्षर गुंफतात. तिथे 'कॉन्स्ट' वाढवलं की नाव बदलतं, आणि जुन्या प्रोग्रामला आपलं फंक्शन सापडेनासं होतं. ओपनएमपीच्या हेडरमध्ये ही फंक्शनं मुद्दाम सीच्या रीतीने जाहीर केलेली आहेत. म्हणून चूक मागाहून सुधारता आली.

लिनक्सवर जीसीसी असेल तर 'ओएमपी डॉट एच' ही फाइल तुमच्या संगणकात बहुधा आहेच. एकदा उघडा आणि फक्त 'कॉन्स्ट' शोधत वरून खाली या. आणि स्वतःचं फंक्शन लिहाल तेव्हा प्रत्येक पॉइंटरपाशी थांबून ठरवा: मी इथे लिहिणार आहे का? नसाल तर तसं लिहून द्या, आजच. सी++ मध्ये काम करत असाल तर नंतर सुधारणं महागात पडतं.